गाडीचं बटण बिघडलं, तर गाडीच बदलायची?

भगिनींनो, मिक्सरचं बटण बिघडलं म्हणून कुणी मिक्सर भंगारात टाकत नाही. कुकरची रिंग सैल झाली म्हणून कुकर मोडीत काढत नाही. पण मोटारीचं तसं नाही. दिव्याचा दांडा ढिला झाला, इंडिकेटर लागेनासा झाला, की घरात लगेच सूर निघतो : “जुनी झाली आता ही, काढून टाका.” आणि गाडी बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याची असते, म्हणजे थोरल्या गाडीनंतर घरात उरलेली जुनी गाडी. ती गेली, की आपलं स्वतःहून कुठं जाणं-येणंही गेलं!

पाथर्डी तालुक्यातल्या एका वाचक भगिनींनी नेमकं हेच लिहिलं आहे. त्या आरोग्य सेविका आहेत. उपकेंद्रावरून परतायला रोज दिवेलागण होते. गाडी २०१० सालची, मारुती ८००. वरचा दिवा लागतो, पण डिपर केला की दोन्ही दिवे जातात. दांडा जरा दाबून धरला की पुन्हा येतात. गॅरेजवाल्यानं सांगितलं, “याचा स्विच आता मिळत नाही.” घरचे म्हणतात, पंधरा वर्षं झालीच आहेत, विकून टाकू. “ताई, गाडी गेली तर मला शेवटच्या एसटीसाठी काम अर्धवट टाकून निघावं लागेल. स्विच खरंच मिळत नाही का हो?” असा त्यांचा प्रश्न आहे.

मिळतो. पण मिळण्याआधी नीट मागता यावा लागतो. आजच्या लेखात तेच बघू. मारुतीचं उदाहरण घेतलं असलं, तरी रीत कुठल्याही गाडीला लागू पडेल.

आधी रोग ओळखा

बटण बदलण्याआधी दोष बटणाचाच आहे ना, हे बघा. पुष्कळदा बिचाऱ्या स्विचवर आळ येतो आणि दुखणं भलतीकडेच निघतं. पुढच्या खुणा घरच्या घरी, गाडी उभी करून, शेजारच्या मुलाला पुढं-मागं उभं करून तपासता येतात.

एकाच बाजूचा दिवा जात असेल तर बहुधा बल्ब गेलेला असतो, त्या बाजूचा फ्यूज उडालेला असतो, नाही तर त्या बाजूचं अर्थिंग, म्हणजे पत्र्याला जोडलेली वायर गंजलेली असते. दोन्ही दिवे एकदम जातात आणि दांडा हलवला की येतात, तर मात्र संशय स्विचवरच घ्यायचा. आपल्या आरोग्य सेविका भगिनींचं लक्षण हेच आहे.

इंडिकेटर एका बाजूला फार भराभर टिकटिकतो? त्या बाजूचा एखादा बल्ब गेला. दिवा लागतो पण उघडझाप करत नाही? फ्लॅशर गेला, हा छोटा डबीसारखा भाग वेगळा मिळतो. चारही दिवे एकदम लावायचं धोक्याचं बटण चालतं, पण डावी-उजवी बाजू दाखवता येत नाही? मग फ्लॅशर बहुधा ठीक आहे. आधी फ्यूज बघा, नंतर दांडा.

पंखा, म्हणजे ब्लोअर, फक्त शेवटच्या वेगावर चालतो आणि बाकी वेगांवर मुका, तर बटण बदलू नका. त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. हॉर्न स्टीअरिंग एका ठराविक बाजूला फिरवल्यावरच वाजतो, तर स्टीअरिंगखालचा संपर्क झिजलेला असतो. मागचा ब्रेकचा दिवा सतत लागून राहतो किंवा लागतच नाही, तर ब्रेकच्या पायट्याजवळचा चिमुकला स्विच बघायचा. आणि दाराची काच तुमच्या बाजूच्या बटणानं खाली येत नाही, पण त्याच दाराच्या बटणानं येते, तर मोटर शाबूत आहे. तुमच्या बाजूचं बटण गेलं.

एक गोष्ट मात्र तपासत बसायची नाही. दांड्याला हात लावल्यावर तो गरम लागला, किंवा प्लास्टिक जळल्याचा वास आला, तर दिवे बंद करा, गाडी थांबवा आणि वायरिंगवाल्याला बोलवा.

स्विच जळतो तरी का?

हे समजलं तर अर्धा खर्च वाचतो, म्हणून थोडं गणित. घाबरू नका, किराण्याच्या यादीइतकंच सोपं आहे.

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. पुढच्या हॅलोजन दिव्याचा नेहमीचा बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे वरचा दिवा ६० आणि डिपरचा ५५. ६० भागिले १२ म्हणजे ५ अँपिअर. दोन दिव्यांचे १० अँपिअर. जुन्या, लहान गाड्यांपैकी पुष्कळांत हा सगळा प्रवाह दांड्यातल्या नखाएवढ्या तांब्याच्या पट्टीतून जातो. ती पट्टी तेवढ्यासाठीच बनवलेली असते.

आता कुणीतरी सल्ला देतो, “उजेड कमी पडतो ना? १०० वॅटचे टाका.” दोन बल्बांचे झाले २०० वॅट, १२ नं भागलं तर साडेसोळा अँपिअरच्या वर. पट्टी तापते, काळी पडते, भोवतालचं प्लास्टिक मऊ होतं, आणि एके दिवशी रस्त्यात अंधार. मग नवा स्विच आणून बसवला आणि बल्ब तेच ठेवले, तर नवाही तसाच जळणार. दुधाच्या पातेल्याखाली गॅस मोठा ठेवून पातेलं बदलत बसण्यातला प्रकार हा!

यावरचा उपाय म्हणजे बल्ब कंपनीच्या मापाचे ठेवायचे आणि वायरिंगवाल्याकडून रिले बसवून घ्यायचा. रिले हे एक मध्यस्थ बटण आहे. दांड्यातून अगदी थोडा प्रवाह रिलेला फक्त ‘चालू कर’ एवढा निरोप देतो आणि दिव्यांचा जड प्रवाह बॅटरीपासून फ्यूजमार्गे, जाड वायरीनं रिलेतून थेट जातो. मग स्विच वर्षानुवर्षं टिकतो, आणि उजेडही वाढतो, कारण बारीक वायरींत वाया जाणारा दाब वाचतो. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ निरोपाचे, ३० वर बॅटरीकडून प्रवाह येतो आणि ८७ वरून दिव्याला जातो. हे तुम्ही स्वतः जोडावं असं नाही. पण विचारता आलं, की समोरचा माणूस काम काळजीनं करतो.

फ्यूजचं तेच. पात्याच्या फ्यूजला रंग ठरलेले आहेत : १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून लालच्या जागी हिरवा लावून देणारा माणूस तुमचं काम करत नाही, तो तुमची वायरिंग जाळायची सोय करतो. फ्यूजच्या झाकणावर कुठं काय लावायचं ते छापलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा.

‘तसाच दिसतो’ म्हणजे ‘तोच’ नव्हे

हॉकिन्सची रिंग प्रेस्टिजला बसत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. एकाचं झाकण आतून बसतं, दुसऱ्याचं बाहेरून. आकार जवळपास सारखा दिसला तरी वाफ धरणार नाही. स्विचचं तसंच आहे.

आमच्याकडेही मारुती ८००च आहे, २००९ सालची. दोन वर्षांपूर्वी ऐन उसाच्या हंगामात तिचा दांडा गेला. आमच्या भागात त्या दिवसांत संध्याकाळी रस्ता कसा असतो ते नेवासे, शेवगाव, पैठणकडच्या भगिनींना सांगायला नको. पुढं दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना चकाकती पट्टी. मध्येच एखादी बैलगाडी. अशा रस्त्यावर डिपर नसणं म्हणजे डोळ्याला पट्टी बांधून चालणं. हे बाहेरगावी होते, म्हणून मीच शहरातल्या एका दुकानात फोन केला. “मारुतीचा कॉम्बिनेशन स्विच द्या,” म्हटल्यावर त्यांनी एसटीनं पार्सल पाठवलं. इथल्या वायरिंगवाल्या काकांनी उघडून पाहिलं आणि म्हणाले, “बाई, हा बसंल, पण चालणार नाही. ह्याचं कपलर येगळं हाय.” दुकानदारानं ना साल विचारलं होतं, ना गाडीचा नंबर. परत घ्यायलाही तयार नव्हता.

काकांनी मग माझ्या हातात जुना स्विच दिला आणि एकेक खूण दाखवली. त्या सहा खुणा मी वर्गात फळ्यावर लिहिते तशा इथं लिहून देते.

१. पार्ट नंबर. जुन्या स्विचच्या पाठीवर किंवा कपलरजवळ कोरलेला किंवा छापलेला असतो. सुझुकीच्या पद्धतीत आधी पाच आणि मग पाच अशी जोडी असते. पहिले पाच वस्तू कुठल्या जातीची ते सांगतात, पुढचे ती कुठल्या मॉडेलची ते. म्हणून पहिले पाच जुळले, एवढ्यावर हुरळून जायचं नाही.

२. कपलर आणि पिना. वायरींच्या टोकाला जे प्लास्टिकचं खोबण असतं ते कपलर. त्यात किती पिना, कुठली जागा रिकामी, कुलूपाचा दात कुठल्या बाजूला, वायरींचे रंग कुठल्या क्रमानं, हे सगळं मिळालं पाहिजे.

३. ताकद. व्होल्ट आणि अँपिअर. नव्याची ताकद जुन्याइतकी किंवा जास्त चालेल. कमी मुळीच नको.

४. चाल. बटण दाबल्यावर तिथंच राहतं की सोडल्यावर परत येतं? काचेचं बटण परत येणारं असतं, धुक्याच्या दिव्याचं बहुधा तिथंच राहणारं. वायपरला वेग एक की दोन? थांबून-थांबून चालण्याची सोय आहे का?

५. बैठक. स्टीअरिंगच्या नळीवर बसणारी कॉलर केवढी, स्क्रूची भोकं कुठं, डॅशबोर्डातल्या खिडकीची लांबी-रुंदी किती. शिवणाच्या टेपनं मापलं तरी चालतं.

६. बाजू. जपानी वळणाच्या गाड्यांत, म्हणजे आपल्या मारुतीतही, इंडिकेटर उजव्या हाताला आणि वायपर डाव्या हाताला असतो. फोक्सवॅगन, स्कोडासारख्या युरोपीय घराण्याच्या गाड्यांत हे उलट असतं. दुसऱ्याच गाडीचा दांडा बसवला, तर वळताना वायपर फिरायचा!

या सहा गोष्टी लिहून, जुन्या स्विचचे चारही बाजूंचे फोटो काढून मी दुसऱ्या दुकानात पाठवले. तिसऱ्या दिवशी बरोबर माल आला. किंमत हजाराच्या आगेमागे होती. शहरातल्या पहिल्या दुकानाचे पैसे मात्र बुडाले ते बुडालेच.

सालाला एवढं महत्त्व का?

कारण नाव तेच राहतं आणि गाडी आतून बदलत जाते. मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते गिऱ्हाइकाला दिली गेली. १९८६ साली गाडीचा सगळा साचा बदलला. १९९७ मध्ये पुन्हा चेहरामोहरा बदलला. नंतर धुराचे नियम कडक होत गेले तसं इंजिनाकडचं वायरिंगही बदललं. २०१० च्या एप्रिलपासून १३ मोठ्या शहरांत तिची विक्री थांबली. बाकीकडं ती चालू राहिली आणि १८ जानेवारी २०१४ ला उत्पादन बंद झालं. तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. तेव्हा नुसतं “मारुतीचा द्या” म्हणणं, म्हणजे कापडाच्या दुकानात जाऊन “पोलक्याचं कापड द्या” एवढंच म्हणण्यासारखं आहे.

उलट बाजूही आहे. कारखाने एकाच बटणाचा उपयोग दोन-तीन मॉडेलांत करतात, कारण त्यांनाही ते स्वस्त पडतं. त्यामुळे तुमच्या मॉडेलच्या नावानं न मिळालेला भाग भावंडाच्या नावानं मिळू शकतो. पण अंदाजानं नाही. १९८४ ला आलेली ओम्नी आणि २००० ला आलेली ऑल्टो यांचं मूळ इंजिन ८०० सारखंच ७९६ सीसीचं, म्हणून बटणंही एकच असतील असं नव्हे. पार्ट नंबर जुळला तरच घ्यायचं. कधी कधी जुना नंबर रद्द होऊन त्याच वस्तूला नवा नंबर मिळालेला असतो. अधिकृत दुकानाच्या संगणकावर ते दिसतं. “जुन्या नंबराच्या जागी नवा कुठला?” एवढं विचारा. गॅरेजवाल्याच्या ‘मिळत नाही’ म्हणण्याचा अर्थ पुष्कळदा ‘जुन्या नंबरानं मिळत नाही’ एवढाच असतो.

साल कुठून कळेल? आर.सी. बुकातून, म्हणजे आता कार्डावरून. त्यावर उत्पादनाचा महिना-साल आणि चासी नंबर असतो. विकत घेतल्याची तारीख सांगू नका. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये घरी आलेली असते. चासी नंबर सांगितला, की अधिकृत दुकानदाराला नेमकी गाडी कळते.

कुठे शोधायचं?

पहिली पायरी अधिकृत सुट्या भागांचं दुकान. आपल्याला अहिल्यानगर, म्हणजे आपल्या तोंडातलं नगर, नाही तर पैठणमार्गे छत्रपती संभाजीनगर जवळ. जाण्याआधी फोनवर नंबर सांगून माल आहे का विचारा. नसेल तर मागवून घ्या. थोडे दिवस लागतील, पण खेप वाचेल.

दुसरी पायरी नामांकित सुट्या भागांच्या कंपन्या. गाडीचे कारखाने स्विच बहुधा स्वतः बनवत नाहीत. मिंडा, लुकास-टीव्हीएस यांच्यासारख्या कंपन्या विजेचा माल करतात आणि तो बाजारातही विकतात. त्यांच्या पुठ्ठ्यावर कुठल्या गाडीला, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, हे छापलेलं असतं. गाडीच्या कंपनीचा शिक्का नसला तरी हा माल ‘डुप्लिकेट’ नव्हे. डुप्लिकेट म्हणजे ज्यावर नामांकित नाव खोटं छापलेलं असतं तो. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, किंमत-पत्ता-महिना नाही, असं पाकीट परत करा.

तिसरी पायरी मोठा बाजार. पुण्याची नाना पेठ सुट्या भागांसाठी प्रसिद्धच आहे. मुंबईत कुर्ल्याकडं जुन्या गाड्यांचे सुटे केलेले भाग मिळतात. तिकडं कुणी नातेवाईक असतील तर त्यांना फोटो आणि सहा खुणा पाठवा. “काकांना सांग, जरा बघून ये,” एवढ्यावर सोडू नका.

जुन्या बाजारातला स्विच घेताना तो हातात घेऊन दहा वेळा चालवून पाहा. टिचकी स्वच्छ वाजली पाहिजे. पिना काळ्या-हिरव्या पडलेल्या नकोत, प्लास्टिक पिवळं किंवा वितळलेलं नको, कुलूपाचे दात शाबूत हवेत. कपलरच्या मागं चार बोटं वायर ठेवूनच कापून मागा. म्हणजे तुमच्या गाडीचं कपलर जळलेलं असेल तर तेही बदलता येतं.

फियाटचा धडा

आमच्या पिढीनं लहानपणी डॉक्टरांच्या दारात पाहिलेली फियाट आठवते ना? वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बने. १९७४ पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी पुढं वीस-बावीस वर्षं ती चालवली. सुटे भाग मिळवणं दरवर्षी अवघड होत गेलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत झाली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून दिसेनाशी झाली.

यातून आपण काय घ्यायचं? गाडी बंद पडली की भाग त्याच दिवशी नाहीसे होत नाहीत. पण मिळेनासे व्हायला लागतात. ८०० बंद होऊन दशक उलटून गेलं. तेव्हा आता चांगला स्विच मिळतोय तोवर एक घेऊन ठेवावा. दांडा, इग्निशनचा स्विच, फ्लॅशर, या तीन वस्तू घरात असल्या की पुढची काही वर्षं चिंता नाही. पुठ्ठ्यासकट, कोरड्या डब्यात, वर सालासकट नाव लिहून. पापडाच्या डब्याशेजारी ठेवला तरी तो काही खराब होत नाही!

बसवून घेताना

बॅटरीची ऋण तार आधी काढायला सांगा. वायरी कापून पिळून टेप गुंडाळणारा माणूस नको. कपलर कपलरला बसलं पाहिजे. जोड द्यावाच लागला तर डाग देऊन वर नळी चढवायला सांगा. काम संपल्यावर वरचा दिवा, डिपर, पार्किंग, दोन्ही इंडिकेटर, वायपर, पाण्याची पिचकारी, हॉर्न हे सगळं स्वतः चालवून बघा, आणि स्टीअरिंग पूर्ण दोन्ही बाजूंना फिरवून पुन्हा एकदा बघा. मगच पैसे. जुना स्विच मागून घरी आणा.

नव्या गाड्यांच्या भगिनींसाठी मात्र वेगळी सूचना. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. ती स्टीअरिंगच्या मधोमध असते, आणि तिच्याखाली गुंडाळलेली एक नाजूक पट्टी असते. स्टीअरिंग काढल्याशिवाय न निघणारं काम कोपऱ्यावरच्या गॅरेजात करून घेऊ नका. या गाड्यांत काही बटणं नुसता निरोप देतात आणि दिवा लावायचं काम संगणक करतो. तिथं वेगळ्या मॉडेलचं बटण बसलं तरी बोलणार नाही. वॉरंटी असेल तर वायर कापली की विजेच्या कामाची वॉरंटी जाण्याची शक्यता असते, हेही लक्षात ठेवा.

पंधरा वर्षांचं काय?

आरोग्य सेविका भगिनींच्या घरचा हा मुद्दा खोटा नाही, पण पुरा खराही नाही. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. ती संपल्यावर गाडी आपोआप भंगार होत नाही. आरटीओकडं तपासून घेऊन पुढं ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं आहे, पर्यावरण कर वेगळा. तपासणीत दिवे, डिपर, इंडिकेटर, वायपर, हॉर्न हे सगळं बघतात. म्हणजे तुमचा स्विच हा तपासणीत पास-नापास ठरवणारा भाग आहे. तेव्हा हिशेब असा मांडा : शुल्क, कर, स्विच, रिले आणि मजुरी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला आणखी पाच वर्षं गाडी, आणि ती विकून येणारी थोडकी रक्कम. पण त्याआधी गाडी वर उचलून खालचा पत्रा बघून घ्या. पत्रा सडलेला असेल, ब्रेक-सस्पेन्शनचा मोठा खर्च असेल, तर मात्र विकण्याचा विचार रास्त आहे. पत्रा धड असेल तर एका दांड्यापायी गाडी विकू नका. हिशेब कागदावर मांडला की घरातली चर्चा आवाजानं न होता आकड्यांनी होते, असा माझा अनुभव आहे.

आणि काम होईपर्यंत अंधारात गाडी काढू नका. कधी रस्त्यात दिवे गेलेच, तर घाबरून जोरात ब्रेक दाबायचा नाही. वेग हळूहळू उतरवायचा, धोक्याचे चारही दिवे लावायचे. पुष्कळ गाड्यांत दांडा आपल्याकडं ओढून धरला की वरचा दिवा लागतो. त्या उजेडात डांबराखाली उतरून थांबायचं. गाडीतून उतरून रस्त्यावर उभं राहायचं नाही.

पावती आणि एक वही

पावती पक्की घ्या. तिच्यावर पार्ट नंबर आणि ‘अमुक सालच्या अमुक गाडीसाठी’ असं लिहून घ्या. विजेचा माल परत घेत नाही, अशी पाटी पुष्कळ दुकानांत असते. म्हणूनच “जुळला नाही तर बदलून देऊ” हे शब्द पावतीवर आधी लिहून मागा. चुकीचा माल देऊन दुकानदार हात वर करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथं मराठीतूनही बोलता येतं. छापील किमतीहून एक रुपयाही जास्त देऊ नका.

शेवटी एक सवय लावून घ्या. शाळेच्या मुलांची जुनी वही असतेच. तिची चार पानं गाडीच्या कप्प्यात ठेवा. पहिल्या पानावर गाडीचं नाव, उत्पादनाचा महिना-साल, चासी नंबर. दुसऱ्यावर बल्बांचे वॅट आणि फ्यूजचे आकडे. तिसऱ्यावर बदललेल्या प्रत्येक भागाचा पार्ट नंबर, तारीख, दुकान, किंमत. चौथं पान कोरं. त्यावर गाडीची नवी लक्षणं दिसतील तशी लिहीत जा. वायरिंगवाल्यापुढं ही वही ठेवली, की तो “घरी कुणी माणूस आहे का?” असं विचारत नाही, सरळ तुमच्याशीच बोलायला लागतो.

पुढच्या अंकी : पावसाळ्यात गाडीच्या आतली ओल आणि कुबट वास, त्यावर घरगुती उपाय. तुमच्याकडचे उपाय पत्रानं जरूर कळवा.